सुनेची गोष्ट, सासूच्या तोंडून

गोष्ट वाचायची ती कमलाबाईंनीच, हे सर्जापूर रोडच्या त्या सोसायटीत केव्हाच ठरून गेलं होतं. आवाज काही गोड नव्हे हो त्यांचा, घोगराच म्हणायचा. पण त्या वाचायला लागल्या की समोरचा माणूस मोबाईल पालथा घालून ठेवतो, आणि आजच्या दिवसांत यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं मिळायचं?

हा आवाज कमावला यशवंतपूरला. माहेर संकेश्वरकडचं, म्हणजे घरात मराठी आणि शाळेत कन्नड. नवरा बिंदुमाधव यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शेजारणीने त्यांना एका संस्थेत नेलं. आंधळ्या मुलांसाठी तिथे पुस्तकं वाचून कॅसेटवर भरत. कमलाबाई चार दिवस बघून येते म्हणाल्या आणि चोवीस वर्षं राहिल्या. कन्नड पुस्तकं, बेळगावकडच्या मुलांसाठी मराठीही. टेपमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि ऐन एप्रिलमध्ये पदराने मान पुसत पुसत वाचन.

तिथे देवाप्पा म्हणून एक गृहस्थ होते. जन्मापासून आंधळे. भरलेल्या टेपा तपासायचं काम त्यांचं. कुठे जीभ अडखळली, कुठे पान उलटलं, सगळं त्यांना कळे. पहिल्याच महिन्यात त्यांनी कमलाबाईंना धारेवर धरलं. एका गोष्टीत 'मी' म्हणणारा माणूस दारुडा होता, बायकोला मारणारा, आणि कमलाबाईंनी ती सगळी गोष्ट नाक मुरडत वाचली होती. देवाप्पा कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, आम्हाला डोळे नाहीत. गोष्टीत जो 'मी' म्हणतो त्याच्या डोळ्यांनी आम्ही बघतो. तुम्ही त्याच्यापासून स्वल्प लांब उभ्या राहिलात तरी आम्हाला काही दिसत नाही. तो कसला का असेना, वाचताना त्याची कड घ्या. शिव्या घालायच्या तर नंतर घरी जाऊन घाला." कमलाबाईंनी गोष्ट पुन्हा भरली. या खेपेला त्या दारुड्याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला, कारण मार खाणारी बाई त्या गोष्टीत मोजून तीन ओळींपुरती होती. पण देवाप्पा "सरी" म्हणाले, म्हणजे टेप पास.

पुढे बिंदुमाधव गेले, संस्थेतल्या कॅसेटी गेल्या, आणि मुलगा सुशांत आईला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. सातवा मजला, तीन खोल्या. सून आसावरी पुण्याची, दोघंही आयटीत. आसावरी पहिल्यापासून चांगली. "अहो आई, तुमच्या हातच्या चपात्या म्हणजे रुमालासारख्या," म्हणायची आणि चार खायची. चार वर्षांपूर्वीपर्यंत.

चार वर्षांपूर्वी काय झालं, ते आधीच सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. आसावरीचे वडील पुण्याला अचानक गेले. सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. सगळे घरूनच काम करत होते ते दिवस. आसावरी खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. सुशांत त्या आठवड्यात हैदराबादला. आसावरीचा धाकटा भाऊ शार्दूल, त्याने बहिणीला तीनदा फोन लावला, तो तिने घेतला नाही, म्हणून त्याने कमलाबाईंना केला. रडत रडत म्हणाला, "काकू, बाबा गेले. ताईला सांगा. पण एकदम सांगू नका."

तेव्हा वाजले होते अकरा चाळीस. कमलाबाईंनी आसावरीला सांगितलं ते एक वीसला, तिचं जेवण झाल्यावर.

आता ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उपाशी माणसाच्या कानावर मरणाची बातमी घालू नये, आधी दोन घास पोटात जाऊ देत, मग सांगावं. कमलाबाईंचे स्वतःचे वडील वारले तेव्हा त्यांना सकाळी नळावर उभ्या उभ्या कुणीतरी सांगितलं होतं. पोटात चहासुद्धा नव्हता. मग संकेश्वरपर्यंत दिवसभराची बस. तिथे घरात चूल नाही. आणि बापाच्या मढ्यापाशी बसल्या बसल्या त्यांना भूक लागली. अशी लागली की रडू मागे पडलं आणि डोळ्यांपुढे भाकरी दिसायला लागली. त्या भुकेची लाज त्यांना जन्मभर पुरली. आपल्या सुनेवर ती वेळ यायला नको, एवढाच त्यांचा विचार. जायचं तर रात्रीच्या बसनेच, लेकीसाठी थांबतातच सगळे, असं त्या धरून चालल्या. बंगळूरहून पुण्याला दुपारी तीनला विमान सुटतं, आणि सर्जापूर रोडवरून विमानतळाला दोन तास लागतात, हे गणित त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ते विमान चुकलं. पुढचं संध्याकाळी साडेसातला. पुण्याला घरच्यांनी वाट बघितली, बघितली आणि दिवस मावळायच्या आत नेलं. आसावरीला बापाचं तोंड दिसलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण मारुतीला निदान हात तरी जोडता येतात.

त्यानंतर आसावरी सासूशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. औषध घेतलंत का, चष्म्याचा नंबर बदललाय का, सगळं वेळच्या वेळी विचारायची. फक्त कमलाबाईंसमोर बसून जेवायची नाही. ताट घेऊन खोलीत जायची. कमलाबाईंना या चार वर्षांत एकच गोष्ट हवी होती. आपण तसं का केलं ते आसावरीला सांगायचं होतं, आणि तिने ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवं होतं. माफ कर असंही म्हणायचं नव्हतं. पण "आसावरी, त्या दिवशी" इतकं म्हटलं की ती म्हणायची, "जाऊ दे आई," आणि उठायची. कमलाबाईंनी ती वाक्यं इतक्यांदा मनात घोकली होती की पाठ झाली होती.

सोसायटीतलं वाचन सुरू केलं यशोवर्धनने. हा नागपूरचा, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता क्लबहाऊसमध्ये वीस-बावीस मराठी माणसं जमायची. नियम त्याचेच, आणि मॅनेजरच तो, नियम कसले सोडतोय. ज्याने गोष्ट लिहिली त्याचं नाव सांगायचं नाही, नाव चिठ्ठीत बंद. लेखकाने स्वतः वाचायचं नाही. वाचणाऱ्याला कागद आयत्या वेळी द्यायचे, कारण आधी वाचलं की माणूस नाटकं करायला लागतो. मग चर्चा, वाचणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, आणि मग चिठ्ठी उघडायची. नाव नसलं म्हणजे लोक खरं बोलतात, असं त्याचं म्हणणं.

आसावरी या वाचनाला यायची, मागच्या रांगेत बसायची. लिहिते असं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सुशांत असल्या ठिकाणी फिरकत नसे.

त्या रविवारी यशोवर्धनने कमलाबाईंच्या हातात पाच कागद दिले. वर नाव होतं, 'अजून एक घे'. कमलाबाईंनी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली.

"अकरा चाळीसला फोन आला. मला एक वाजून वीस मिनिटांनी कळलं. मधल्या वेळात मी जेवले."

तिसऱ्या वाक्याला त्यांना सगळं समजलं. समजलं आणि आतून एकदम गप्प झालं. दातांचा डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग ओठ आपला राहत नाही, तसं काहीतरी. ओठ हलत होते, आवाज येत होता, तो कमलाबाईंचाच होता. थांबायचं मनात आलंच नाही. चोवीस वर्षांची सवय. टेप चालू असताना थांबत नाहीत.

गोष्टीतली 'मी' म्हणजे सून. सासूला नावच नव्हतं, ती नुसती 'ती'. आणि कमलाबाई वाचत होत्या, "दोडक्याची भाजी होती. बाबांना दोडका आवडत नाही. ताटात दिसला की ते कसं तोंड करतात ते मी तिला करून दाखवलं. ती हसली."

हसल्या होत्या, खरंच. पोर बापाची नक्कल करून दाखवतेय आणि बाप तिकडे जमिनीवर ठेवलेला. काय करायला हवं होतं? रडायला हवं होतं? हसल्या, आणि हसता हसता पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. ते गोष्टीत नव्हतं. गोष्टीत "ती हसली" एवढंच होतं, आणि पुढचं वाक्य होतं, "ती माझ्यासमोर बसून मला जेवताना बघत होती. तिला माहीत होतं." कमलाबाईंनी ते वाचलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या श्वेताने तोंडावर हात धरला. श्वेता पाचव्या मजल्यावरची, दर गुरुवारी कमलाबाईंकडून ताक न्यायची.

"अजून एक घे, ती म्हणाली. मी घेतली."

आता गंमत बघा. तिसऱ्या पानावर कमलाबाईंनाच त्या 'ती'ची चीड यायला लागली. आवाजातून येतच होती, लपत नव्हती. देवाप्पांनी शिकवलं तसं त्या 'मी'च्या डोळ्यांनी बघत होत्या, आणि तिथून बघितलं की समोर एक म्हातारी दिसत होती. ताटात भाजी वाढणारी, हसणारी, एका लेकीच्या बापाची बातमी मुठीत धरून बसलेली. अशा बाईची कुणाला दया येईल? आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, इथे तर दात, ओठ, जीभ सगळं आपलंच होतं. आणि कमलाबाईंना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. पानं उलटत होती.

शेवटचं पान आलं. विमान चुकलं, घरी पोचायला रात्र झाली. "बाबांना ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला होता. आई म्हणाली, काही खाल्लंस का? माझ्या पोटात तिच्या तीन चपात्या होत्या." गोष्ट संपली.

श्वेताच आधी म्हणाली, "अशा बायका असतात हो. वरून मायाळू, आतून दगड." तिचे डोळे ओले होते.

यशोवर्धन म्हणाला, "कथा जबरदस्त आहे. पण सासूची बाजू आलीच नाही. तिने असं का केलं असेल, त्याची एखादी तरी ओळ हवी होती."

"कशाला हवी?" श्वेता म्हणाली. "ती कळली की मग आपण तिला समजून घेत बसणार. मला त्या बाईला समजून घ्यायचंच नाहीये."

दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, हीच गोष्ट सासूने सांगितली असती तर आपण सासूसाठी रडलो असतो, शेवटी ज्याच्या तोंडी गोष्ट त्याचं खरं. यावर पाच-दहा मिनिटं वाद झाला. आसावरी मागच्या रांगेत पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती.

"काकू, आता तुम्ही," यशोवर्धन म्हणाला. "तुम्ही वाचलंत, तुम्हाला काय वाटलं?"

घ्या. चार वर्षं घोकलेली वाक्यं, बावीस माणसं कान देऊन बसलेली, आणि आसावरीला उठून जाता यायचं नाही. उठली तर चिठ्ठीतलं नाव आधीच फुटलं असतं. नावसुद्धा घ्यायला नको होतं. 'त्या बाईला असं वाटलं असेल' म्हणायचं आणि सगळं सांगून टाकायचं. नळावरची सकाळ, बस, भूक. या श्वेतालाच दोन मिनिटांत पुन्हा रडवता आलं असतं, आणि या खेपेला सासूसाठी. कमलाबाईंना ते जमलं असतं. त्यांनी आयुष्यभर दुसरं केलं काय?

त्यांनी मागे बघितलं. आसावरी त्यांच्याकडे बघत नव्हती.

"मला त्या मुलीचंच पटलं," कमलाबाई म्हणाल्या. "फोन आला तेव्हाच त्या बाईने दार वाजवायला हवं होतं. मग विमान मिळालं असतं."

"एकदम बरोबर," श्वेता म्हणाली.

यशोवर्धनने चिठ्ठी उघडली. वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "आसावरी."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं, टाळ्या वाजायला लागल्या, आणि वाजता वाजता एकेकाचा हात मंदावला. आसावरीची सासू कोण, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आसावरीचे वडील चार वर्षांपूर्वी गेले, हेही बऱ्याच जणांना माहीत होतं. श्वेताने कमलाबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. यशोवर्धन कसंनुसं हसून म्हणाला, "काल्पनिकच आहे ना, आसावरी?"

आसावरी उभी राहिली होती, बाटली अजून हातातच.

"गोष्ट आहे हो," कमलाबाईच म्हणाल्या. "गोष्टीत काय, काहीही असतं." त्यांनी कागद सारखे केले, चष्मा डबीत घातला आणि उठल्या. झाकली मूठ झाकलेली राहिली, म्हणजे निदान कुणी तोंडावर तरी काही विचारलं नाही.

क्लबहाऊसपासून बिल्डिंगपर्यंत दोघी चालत आल्या. खाली लिफ्टपाशी कुणी नव्हतं.

"तुम्हीच वाचणार हे मला माहीत होतं," आसावरी म्हणाली.

"हं."

"म्हणूनच दिली. तुम्ही एकदा 'मी' म्हणावं असं वाटत होतं. 'मी जेवले', असं तुमच्या तोंडून. म्हटलं, मग तुम्हाला लागेल."

कमलाबाईंनी विचार केला. खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "अजून नाही लागलं गं," त्या म्हणाल्या. "बधिर झालंय सगळं. उद्या-परवा लागेल." मग त्यांना वाटलं, आत्ताच. आत्ता नाही तर कधीच नाही. "आसावरी, त्या दिवशी मी..."

त्या थांबल्या. सवयीने थांबल्या, कारण इथे 'जाऊ दे आई' यायचं. ते आलं नाही.

"मला माहीत आहे," आसावरी म्हणाली. "शार्दूल तुम्हाला म्हणाला होता एकदम सांगू नका. त्याने सांगितलंय मला. तुमच्या वडिलांच्या वेळचं सुशांतने सांगितलं. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः जेवला नव्हतात. ते तर मी डोळ्यांनी बघितलं होतं."

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं झाली."

तीन वर्षं! कमलाबाईंनी भिंतीला हात टेकवला. जे सांगायला त्या रोज जागा शोधत होत्या, ते तिला तीन वर्षं ठाऊक होतं. आणि ठाऊक असून ताट खोलीतच जात होतं.

"ही गोष्ट मी आधी तुमच्याकडून लिहिली होती," आसावरी म्हणाली. ती लिफ्टच्या बंद दाराकडे बघून बोलत होती. "स्वयंपाकघरात फोन हातात धरून तुम्ही उभ्या आहात, तिथून. दोन पानं झाली आणि मला तुमचंच वाईट वाटायला लागलं. मी त्यात नुसती दाराआडची एक मुलगी होते. मी ती पानं फाडली."

"का फाडलीस?"

"तुमच्यावरचा राग जायला लागला." तिचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "राग गेला की माझ्याकडे काय उरतं, आई? बाबा गेले, एवढंच उरतं. तेवढंच नुसतं मला झेपत नाही."

लिफ्ट आली, दार उघडलं आणि कुणी आत गेलं नाही म्हणून पुन्हा मिटलं. कमलाबाईंना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण त्यांनी फिरवला नाही. तो हात या पोरीला नको असणार, हे त्यांना आता कळत होतं.

"मग ती पानं लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "राग राहू दे माझ्यावर. मी आहे तोवर राहू दे."

आसावरीने मान हलवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत कमलाबाई शेजारी उभ्या होत्या, आणि चार वर्षं पाठ केलेली ती वाक्यं आता कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाहीत, हे त्या स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.